वळवलेला ठोका

१

सकाळचा पहिला ठोका पडला, की चिमणी दचकायची. ठोका पडणार हे तिला ठाऊक असायचं. टेबलाची कड धरून, श्वास रोखून ती तयार बसायची, आणि तरीही खालच्या शेडमध्ये प्रेस पत्र्यावर कोसळला की तिच्या हातातलं पेन उडायचंच. मग खालून हसण्याचा गलका वर यायचा.

"उडाली रे उडाली, चिमणी उडाली!"

तिचं खरं नाव हजेरीच्या वेळीसुद्धा कोणी घेत नसे.

कारखाना डब्यांची झाकणं बनवायचा. शेडमध्ये सहा प्रेस एका रांगेत उभे होते, आणि रांगेच्या टोकाला सिमेंटचा एक रिकामा ओटा होता. ओट्यातून कापलेल्या बोल्टांचे चार बुंधे वर आलेले होते. कधीकाळी तिथे सातवा प्रेस असणार. आता त्यावर माणसं जेवणाचे डबे ठेवत. प्रत्येक प्रेसपुढे दोन हिरवी बटणं, हातभर अंतरावर. एक डाव्या हाताने, दुसरं उजव्याने, दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा. मेख अशी, की दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे साच्याखाली एकही नसतो. ज्या कुणाच्या डोक्यातून हे निघालं त्याचं भलं होवो, असं चिमणीला वाटायचं.

पण उजवं बटण सहाही प्रेसवर रबराच्या पाचरीने कायमचं दाबून ठेवलेलं होतं. पाचरी मामांनी दिलेल्या. मामा म्हणजे फोरमन. मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे मामा.

"मामा, दोन्ही हात लागले पाहिजेत. तसं प्रेसवरच लिहिलंय," ती एकदा धीर करून म्हणाली होती.

"वाचता मलाही येतं, चिमणे. पण दोन्ही हात बटणांवर ठेवल्यावर पत्रा कोण सरकवणार? तू येतेस? की चोचीने सरकवशील?"

डाव्या हाताने बटण, उजव्या हाताने साच्याखाली पत्रा. कामाला वेग आला होता, हे खरं होतं.

सहा नंबरवर तिचा दादा होता. आईवडील गेल्यावर त्याने शाळा सोडली, प्रेसपुढे उभा राहिला आणि धाकट्या बहिणीला कॉलेजात घातलं. तिच्या हातात पदवी आली ती त्याच्या दोन हातांवर, हे ती विसरली नव्हती, आणि वहिनी विसरू देत नव्हती. इथलं नेटवर्क सांभाळायची नोकरीही त्यानेच शब्द टाकून मिळवून दिलेली. एवढं करून त्याला एक वाईट खोड होती. मांजराच्या पावलांनी मागून यायचा आणि तिच्या कानाशी फाडकन टाळी वाजवायचा.

"दादा, एक दिवस अशीच मरेन हं मी!"

"अगं, सवय करून देतोय. एवढी शिकलीस, आवाजाला काय भ्यायचं?"

२

चिमणीची खोली माळ्यावर होती, शेडच्या एका अंगाला, काचेची. समोरच्या अंगाला तेवढ्याच उंचीवर मामांची केबिन, तीही काचेची. मध्ये सगळा गाळा, त्यात प्रेसचा धुमाकूळ. मामा फोन करायचे तेव्हा ओठ समोर हलताना दिसायचे आणि आवाज कानाशी यायचा.

"चिमणे, खालची अडगळीची खोली रिकामी करतोय. माणसांना टेकायला जागा नाही, मालक म्हणतात बाकडी टाका. तिथे एक जुना कॉम्प्युटर पडलाय. भंगारवाला येतोय दुपारी. त्याच्याकडे काही काम असेल तर आधीच काढून घे, नंतर रडू नकोस."

तिने बघितलं. ते मशीन चालू होतं, हेच आधी नवल. त्याच्याकडे काम असं एकच येत होतं.

भिंतीतल्या कपाटात एक पेटी होती. कारखान्यातली प्रत्येक जोडणी तिच्यातून जायची-यायची. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून त्या पेटीला सांगता येतं, की अमक्याकडे निघालेल्या जोडण्या तमक्याकडे वळव. घर बदललं की आपण पोस्टात कळवतो ना, जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या पत्त्यावर टाका, तसंच. पाठवणाऱ्याला काही कळत नाही. त्याच्या लेखी पत्र पोचलेलं असतं.

पेटीत अशी एक ओळ होती. सहा नंबरच्या प्रेसला दुरुस्तीसाठी एक मागचं दार होतं. दुरून जोडणी करून प्रेस चालवून बघण्याची ती सोय होती. त्या दाराशी जे येईल ते अडगळीच्या खोलीतल्या मशीनकडे वळव, असं ती ओळ म्हणत होती. शेवटी लिहिणाऱ्याने दोन शब्द जोडले होते: असू दे.

लिहिणारे म्हणजे मास्तर. तिच्या आधी या खुर्चीवर बसायचे. ती येण्यापूर्वीच ते नोकरी सोडून गेले होते; कान गेले म्हणत.

कॉलेजात तिला शिकवलं होतं, जिचं कारण कोणी सांगू शकत नाही अशी ओळ ठेवू नये. सहाचा कंट्रोल बॉक्स मध्यंतरी बदलला तेव्हाची ही तात्पुरती सोय असणार, आणि मास्तर जाताना काढायची विसरले असणार. तरी सावध असलेलं बरं. तिने ओळ काढली नाही, फक्त तिचं तोंड फिरवलं. अडगळीच्या मशीनऐवजी स्वतःच्या टेबलावरच्या मशीनचा पत्ता घातला. थोडा वेळ बघू कोण येतंय, कोणी नाही आलं तर पुसून टाकू. असंच करतात. कोणीही असंच केलं असतं.

तिने एंटर दाबलं आणि पडद्यावर येणाऱ्या जोडण्यांची खिडकी उघडून ठेवली. रिकामी खिडकी, लुकलुकणारी खूण. तिने चहाचा पेला उचलला.

सातकडून: डावा.

एवढंच उमटलं. आणि टेबलाखाली, तिच्या उजव्या गुडघ्याशी, कोणीतरी हातोडी मारावी तसं ठक्‌ झालं.

चहा मांडीवर सांडला. पण त्यात विशेष काय? ती रोजच सांडायची.

३

भंगारवाला हसतमुख माणूस होता. अडगळीच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"ताई, जरा बघता का? हे असंच घेऊ ना? नंतर माझ्यावर नको यायला."

ती खाली गेली. मशीन टेबलावर होतं, म्हणजे टेबलाचं जे उरलं होतं त्यावर. लोखंडी डबा इतका चेपला होता की हाताचा पंजा पसरावा तसा दिसत होता. वरच्या बाजूला एकावर एक खड्डे. टेबलाची उजवी कड तुटून लोंबत होती. डाव्या बाजूला ओरखडाही नव्हता. मागच्या भिंतीचं प्लास्टर उजवीकडून गळून विटा उघड्या पडल्या होत्या, आणि विटांनाही टवके होते.

"घणाने झोडलंय कोणीतरी," भंगारवाला म्हणाला. "पण खोलीला कुलूप होतं. तुमच्या मामांनी माझ्यासमोर काढलं. गंजलेलं. आणि हे बघा."

चेपलेल्या डब्याच्या कोपऱ्यात हिरवा दिवा चालू होता. त्याने वायर उपटली तेव्हा तो विझला.

मामा दारात उभे होते. आत आले नाहीत.

"मामा, सात नंबरचा प्रेस कुठे गेला?" तिने विचारलं.

"वितळला."

"म्हणजे?"

"म्हणजे भट्टीत गेला. तू तुझ्या वायरी बघ ना बाई, हात दाखवून अवलक्षण कशाला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या खोलीची चावी मास्तर घेऊन गेले होते. परत पाठवायला किती वेळा निरोप धाडले, पण म्हातारा ऐकेना. शेवटी दुसरी करवून घेतली."

संध्याकाळी घरी जेवताना तिने दादाजवळ विषय काढला.

"दादा, उद्यापासून ती पाचर काढ. माझ्यासाठी."

"झालं! कोणी काय सांगितलं तुला?"

"कोणी नाही. मला भीती वाटते."

"तुला कुकरच्या शिटीची पण वाटते." त्याने उजवा हात तिच्या तोंडापुढे नाचवला. "बघ, मोज. पाच आहेत की नाही?"

"मस्करी पुरे हं," वहिनी म्हणाली, पण नवऱ्याला नव्हे, चिमणीला. "दोन्ही हात लावून काम केलं तर मामा उद्या घरी बसवतील त्यांना. मग दोघींनी काय खायचं?"

दादाने वहिनीला डोळ्याने गप्प केलं आणि चिमणीच्या डोक्यावर टपली मारली. हलकीच. तरी ती दचकली.

४

दुसऱ्या दिवशी ठोके वाढले.

आधी पडद्यावर ओळ उमटायची: सातकडून: डावा. लगेच आवाज. टेबलाखाली, मग खणात, मग कचऱ्याच्या पत्र्याच्या टोपलीत. टोपली एकाएकी पोटात मारल्यासारखी आत गेली. चिमणीने स्वतःला समजावलं: खाली सहा प्रेस चालू आहेत, माळा लोखंडी आहे, हादरे वर येणारच. टोपली आधीच चेपलेली असेल, कोण बघतं टोपलीकडे? खणाचं कुलूप अडकलं तेही जुनंच असेल. एवढी शिकलेली मुलगी, आणि टेबलाला घाबरते.

मग जेवणाची सुट्टी झाली. सायरन वाजला, सहाही प्रेस थांबले, शेडमध्ये एकदम इतकी शांतता पसरली की डब्यांची झाकणं उघडल्याचं ऐकू आलं. हादऱ्यांचा प्रश्न मिटला, असं म्हणून तिने सुटकेचा श्वास सोडला आणि हात कीबोर्डवर ठेवले.

सातकडून: डावा.

हवा खाली आली. दिसलं काही नाही, पण चेहऱ्यावर वारा लागला, तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास घेऊन. कीबोर्डचा उजवा अर्धा भाग टेबलात घुसला. बटणं फुटाण्यांसारखी उडाली. उजवा हात तिने कधी मागे घेतला तिला कळलं नाही. तिला वाटलं, वाचले. मग तिने हाताकडे बघितलं. करंगळी भलत्याच दिशेला वळली होती, आणि नखाच्या जागी लाल चिखल होता.

ती ओरडली असणार, कारण खालून कोणीतरी म्हणालं, "चिमणी उडाली!" आणि हसणं आलं.

आता तिच्या लक्षात आलं. टोपली उजवीकडे होती. अडकलेला खणही उजवीकडचाच. टेबलाच्या डाव्या बाजूला पाण्याचा पेला होता, त्यातलं पाणीसुद्धा हललं नव्हतं.

कपाटात जुना कीबोर्ड होता, तो तिने लावला. डाव्या हाताने, दातओठ खात, ती ओळच पुसून टाकली. वळवणं बंद. सगळं आपापल्या वाटेने जाऊ दे.

ती वाट बघत राहिली. खिडकी रिकामी राहिली आणि टेबल गप्प. हात रुमालात गुंडाळून ती खुर्चीत रडत बसली, आणि रडता रडता तिला हायसं वाटलं.

५

फोन मास्तरांच्या मुलीने उचलला.

"बाबांना ऐकू येत नाही हो. मला सांगा, मी ओरडून सांगते."

"त्यांना विचारा, सहाच्या मागच्या दाराची ती ओळ कशासाठी होती."

पलीकडे मुलगी ओरडली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"बाबा विचारतायत, 'होती' म्हणजे काय?"

"मी ती काढली. मला लागलं म्हणून काढली. आता थांबलंय सगळं."

पुन्हा ओरडणं. मग म्हाताऱ्याचा आवाज दुरून आला, शब्द न कळणारा.

"ते म्हणतायत, थांबलेलं नाही. ते म्हणतायत... काय बाबा? हो, हो, सांगते! ते म्हणतायत, सहावर कोण आहे?"

चिमणीने मान वर केली.

"बाबा म्हणतायत, नुसती काढू नको, कुठेतरी लाव. जिथे माणूस बसत नाही अशा जागी लाव. लवकर. अहो, काय आहे हे? ते रडतायत. आजवर कधी रडले नाहीत ते, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

सायरन वाजला. सुट्टी संपली.

खाली माणसं आपापल्या प्रेसपुढे जाऊन उभी राहत होती. दादाने रिकाम्या ओट्यावर डबा ठेवला, हातमोजे चढवले, उजव्या बटणाची पाचर ठीक बसली आहे ना ते अंगठ्याने चाचपलं. चिमणी काचेला धडका देऊ लागली. "दादा! पाचर काढ! दादा!" पहिला प्रेस सुरू झाला, मग दुसरा, आणि तिचा आवाज तिच्याच खोलीत मेला. दादाने वर बघितलं. बहीण काचेवर हात आपटते आहे, तोंड वेडंवाकडं करते आहे. त्याने हसून दोन्ही हात वर केले आणि तिला टाळी वाजवून दाखवली.

मग पत्रा घेऊन उजवा हात साच्याखाली घातला.

त्याचा डावा हात बटणापासून लांब होता. कंबरेवर होता, तिने स्वच्छ बघितलं. आणि प्रेस खाली आला.

दादा मागे कोलमडला. उठला. उजवा हात डोळ्यांसमोर धरून बघत राहिला. मोज्याची दोन टोकं कापली गेली होती, आणि त्यातून त्याच्या बोटांची टोकं बाहेर आली होती, शाबूत. तो पांढरा पडला होता. त्याने मामांकडे बघून काहीतरी ओरडून सांगितलं. मामा आपल्या केबिनच्या जिन्यावर होते. त्यांनी मागे न बघता हात हलवला. त्या हाताचा अर्थ कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होता: चालू दे.

दादाने नवा पत्रा उचलला.

खाली धावत जायला जिना होता, मग अख्खा गाळा. तेवढ्यात ठोका पडला असता. तिने डाव्या हाताने टाइप करायला घेतलं. सहाच्या दाराशी येणारं सगळं वळव. कुठे? अडगळीच्या खोलीत आता बाकडी होती, बाकड्यांवर माणसं. मालकांच्या खोलीत मालक. दाराशी पहारेकरी. तिच्या टेबलावर ती. ठणकणारा हात तिने छातीशी धरला होता आणि तो पुन्हा त्या टेबलावर ठेवायची कल्पनाही तिला सोसेना.

समोरची केबिन रिकामी होती. त्या क्षणी रिकामी होती. मामा जिन्यावर होते, म्हणजे केबिनमध्ये नव्हते. हे ती पुढे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगणार होती. जिना चढणारा माणूस कुठे चाललेला असतो, हा प्रश्न ती विचारणार नव्हती.

तिने केबिनचा पत्ता लिहिला आणि एंटर दाबलं.

खाली दादाचा हात साच्याखाली गेला, पत्रा सरकवून बाहेर आला. मग त्याने डाव्या हाताने बटण दाबलं, तेव्हाच ठोका पडला. पुन्हा पत्रा, पुन्हा ठोका. सहाचा प्रेस गुणी जनावरासारखा वागत होता. चिमणीचा जीव भांड्यात पडला.

मग तिने समोर बघितलं.

६

मामा खुर्चीत बसले होते. फोन उचलत होते. तिलाच लावत असावेत, काचेवर कसली नाटकं चालली होती म्हणून.

फोन त्यांच्या हातातून उडाला. त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं, जसं काल तिने बघितलं होतं. वर आले तेव्हा कपाळावर आठ्या होत्या, भीती नव्हती. टेबलाची उजवी कड तुटून पडली. तेव्हा ते उठले.

म्हणजे उठायला गेले. उजवा हात टेबलावर होता आणि तो निघेना. ते खांद्यापासून ओढत होते, पाय भिंतीला लावून ओढत होते, आणि हात टेबलावर पालथा, बोटं पसरलेली, पत्रा साच्यात नीट बसवतात तसा बसवला गेला होता.

त्यांच्या मागे कोणीतरी उभं होतं. असं तिला वाटलं. त्या केबिनच्या काचेवर शेडमधल्या दिव्यांची प्रतिबिंबं पडत, खालच्या माणसांचे निळे डगले त्यात हलताना दिसत. तसलंच काही असेल. निळा डगला, तेलाने काळा पडलेला. डावी बाही पुढे आलेली, पंजा पसरून, बटण दाबायला निघाल्यासारखी. उजवी बाही मनगटापाशी नुसतीच लोंबत होती.

ठोका पडला. मामांचं तोंड उघडं होतं. आवाज प्रेसच्या गदारोळात बुडाला. दुसरा पडला तो कोपरावर. तिसऱ्याला ते टेबलावर आडवे झाले होते. त्यानंतरचं काच लाल झाल्यामुळे दिसलं नाही, पण काच हादरत होती, आणि हादरतच राहिली. खाली सहा माणसं माना खाली घालून झाकणं ठोकत होती.

ओळ पुसायला चिमणीचा हात पुढे झाला. पुसली तर ते सहावर जाईल.

तिने हात मागे घेतला. कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांत डोकं घातलं, आणि डाव्या हाताने एक कान झाकला. दुसऱ्यासाठी हात नव्हता.

७

पोलिसांनी लोखंडी कपाट अंगावर पडलं असं ठरवलं. कपाट उभं होतं, पण दुसरं काही ठरवता येईना. मामांचा उजवा हात सापडला नाही. टेबलाखाली, सांडपाण्याच्या नळीत, छताच्या पोकळीतसुद्धा शोधला. केबिनला सील लागलं.

मालक इतके हादरले, की सहाही पाचरी त्यांनी स्वतः उपटून फेकल्या. आता दोन्ही हात लावल्याशिवाय एकही प्रेस हलत नव्हता. वहिनीसुद्धा म्हणाली, "बरं झालं बाई. माणसाच्या जिवापुढे काय आहे?"

चिमणीने त्या ओळीतला पत्ता पुन्हा बदलला नाही. केबिन बंद होती, आत माणूस नव्हता. मास्तरांनी सांगितलं होतं तशीच जागा. येणाऱ्या जोडण्यांची खिडकी ती दिवसभर उघडी ठेवायची, आणि तीत काहीही उमटत नव्हतं. ज्याला जे हवं होतं ते मिळालं असेल, असा विचार तिच्या मनात यायचा आणि ती तो झटकून टाकायची. आपण शिकलेल्या आहोत, हे ती विसरली नव्हती. एकदा तिने ती ओळ उघडली, आणि शेवटी दोन शब्द लिहून पुन्हा बंद केली. असू दे.

पट्टीतली करंगळी वाकडीच बसली. समोरचं सील निघालं, रंगारी आले, नवी काच बसली. तिला वाटलं, कोठी करणार असतील.

मग एका सकाळी, सगळे प्रेस सुरू झाल्यावर, तिचा फोन वाजला.

"चिमणे, ओळख कुठून बोलतोय?"

"दादा? कामावर आहेस ना? खाली?"

"खाली नाही, समोर बघ!"

केबिनमध्ये नवं टेबल होतं, आणि टेबलामागे दादा. इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस पाणी लावून बसवलेले.

"नवे फोरमन आहेत हे. नमस्कार कर! वहिनीला बजावून ठेवलं होतं, तुला सांगायचं नाही म्हणून. तिच्या पोटात कसं राहिलं कोण जाणे. काल रात्रभर झोपली नाही आनंदाने. आता प्रेसला हात लावायचा नाही, चिमणे. दोन्ही हात शाबूत घेऊन सुटलो बघ!"

"दादा, बाहेर ये. आत्ता बाहेर ये. ऊठ तिथून!"

"काय? मोठ्याने बोल, इथे काही ऐकू येत नाही."

"बाहेर ये!"

"तुझं तोंडच हलताना दिसतंय नुसतं. थांब." त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि उठून काचेशी आला. चेहऱ्यावर तेच जुनं, मागून येतानाचं हसू.

पडद्यावर अक्षरं उमटली.

सातकडून: डावा.

या वेळी ठोका पडला नाही. खूण लुकलुकत थांबली, कोणाची तरी वाट बघितल्यासारखी. आणि पूर्वी कधीच न आलेला शब्द खालच्या ओळीवर आला, एकेक अक्षर, नव्या हाताने टाइप करावं तसा. उ. मग 'उजवा'तला ज.

नवा पत्ता शोधायला वेळ नव्हता. काळ्या खिडकीत वरच्या दिशेचा बाण दाबला की आधी टाइप केलेल्या ओळी उलट क्रमाने परत येतात, लिहाव्या लागत नाहीत. तिने बाण दाबला: 'असू दे' जोडलेली ओळ. पुन्हा दाबला: मामांची केबिन. पुन्हा: पुसून टाक. आणखी एकदा, आणि पहिल्या दिवशीची ती ओळ आली, बघू कोण येतंय म्हणून लिहिलेली. तिच्या स्वतःच्या टेबलाचा पत्ता.

तिने एंटर दाबलं. मग दोन्ही हात कीबोर्डच्या दोन बाजूंना, हातभर अंतरावर, टेबलावर पालथे ठेवले. उचलून बघायची हिंमत तिने केली नाही. ते आता निघणार नाहीत, हे तिला हातांखालूनच कळलं होतं. मागून तेलाचा वास आला. काचेत तिच्या खांद्यामागे निळं काही हललं. तिने मान वळवली नाही, समोर दादाकडेच बघत राहिली.

काचेआड दादाने दोन्ही हात उंच केले, दाही बोटं पसरली, आणि तोंडभर हसत टाळी वाजवली.

टाळी तिला ऐकू आली नाही. आवाज इकडे झाला.